साठाला एक उणं

मुदखेडजवळच्या एका गावात सिंधुबाई अकरा वर्षं शाळा सांभाळत होत्या. पोरांना पाढे शिकवले, बेरजा शिकवल्या, पण 'एकोण' या तीन अक्षरांनी त्यांना पार जेरीस आणलं होतं.

तिसरीतल्या बुद्धप्रियाचंच बघा ना. धडा द्या, घडाघडा वाचेल. पण एकोणसाठ लिही म्हटलं, की बिनधास्त ६९! "साठ ऐकू आलं ना बाई, मग सहा पहिला." आता तिचं तरी काय चुकलं म्हणा!

गुरुवारी केंद्रप्रमुख उमाशंकर सर तपासणीला येणार होते. शंभरपर्यंतचे आकडे ऐकून लिहिता आले नाहीत, की रोज तासभर दुसरीच्या वर्गात बसायचं, असं ठरलेलं. आणि दुसरीत कोण? बुद्धप्रियाची धाकटी बहीण!

"तिच्याजवळ बसवलं तर म्या शाळेलाच येणार न्हाई," पोरीने बजावलं. ती बोलते तसं करते, हे सिंधुबाईंना ठाऊक होतं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

बुधवारी दुपारी खिचडी शिजवणाऱ्या सरजाबाईंनी दारातून हाळी दिली, "म्याडम, आज ताटं साठाला एक उणं. सत्यम गेलाय मामाकडं, धर्माबादला."

सिंधुबाईंनी कपाळावर हात मारला. पाठ करा, पाठ करा म्हणून अकरा वर्षं घसा कोरडा केला, आणि उत्तर शब्दाच्या पोटातच बसलेलं! एक उणं, तेच एकोण.

"बुद्धप्रिया, साठाला एक उणं म्हणजे ताटं किती गं?"

पोरीने खिचडीच्या ओळीत उभ्या उभ्याच बोटांवर मोजलं. "पन्नास आन् नऊ." मग डोळे मोठे करून म्हणाली, "अय्यो बाई, ह्येच का एकोणसाठ? मग आधी सांगायचं ना!"

गुरुवारी सर म्हणाले, "लिही, एकोणऐंशी." बुद्धप्रिया खडू धरून उभीच. "ऐंशीला एक उणं," पोरगी पुटपुटली आणि ७९ लिहून मोकळी झाली. मग एकोणतीस, एकोणनव्वद, सगळे बरोबर.

"शाबास! आता नव्याण्णव."

तेही लिहिलं, पण ती फळ्यापासून हलेना. "सर, ह्याला एकोणशंभर का न्हाई म्हणत?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "लई वर्षं झाली नोकरीला, पण हे मला कुणी विचारलंच नाही बघा," ते हसत म्हणाले.

दारात उभ्या सरजाबाईंना कुठं राहवतंय! "शंभर भरत आले, सायेब. तिथं उणं कशाला काढायचं?"

सगळा वर्ग खिदळला, सरसुद्धा. त्यांनी वहीत बुद्धप्रियाच्या नावापुढे 'प्रगत' लिहिलं. सिंधुबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी पोरीला जवळ घेऊन तिच्या गालावरचा खडू पदराने पुसला.

मग बुद्धप्रिया ऐटीत आपल्या जागी जाऊन बसली. तिसरीच्या.