मामाची जागा

नयननं तिसऱ्यांदा मान वळवून पाठीमागे पाहिलं, तेव्हा भटजींनी मंगलाष्टक मध्येच थांबवलं. अंतरपाटापलीकडे नवरीकडची माणसं कुजबुजू लागली.

"पोराच्या मनात नाही वाटते. पळायले वाट पाहून राह्यला."

नयनच्या मागे त्याचे मामा, मारोतराव, उभे होते. भाच्याच्या लग्नात पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. त्यासाठी ते नवा फेटा बांधून घाटंजीहून दारव्ह्याला आले होते.

"मामा, जराक बाजूले व्हा ना," नयन दबक्या आवाजात म्हणाला.

"काहून? मामा नाही तं कोण उभा राहीन मांगं?"

"कोणीच नाही पाह्यजे."

मारोतरावांचा चेहरा उतरला. नयनची आई वच्छलाबाई लगबगीनं पुढे आली. भाऊ मंडपातून रुसून गेला, तर माहेर तुटलंच.

"काय लावलं रे हे? चार लोकांत दादाचा अपमान करतं?"

नयनच्या कानशिलावरून घाम उतरत होता. फौजेत तो खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र चालवायचा, रणगाडा फोडणारं.

"मामा, ते डागलं का मांगूनबी आग निघते. मांगं माणूस असला तं भाजून जाते. म्हणून आधी मांगं पाहा लागते, मंग समोर. आता पाठीशी कोणी उभं राह्यलं का मले श्वासच घेता येत नाही."

"अरे, तुया हाती हार हाये बापा!"

"मले समजते ना. पाठीले समजत नाही."

मारोतराव फेट्याचा शेव चाचपत राहिले. मग दोन पावलं सरकून भाच्याच्या बाजूला उभे राहिले.

"म्हणा भटजी. आमच्या घाटंजीकडं मामा असाच उभा राह्यते."

वच्छलाबाईचं माहेर घाटंजीचंच. असा रिवाज तिनं तिथं कधी पाहिला नव्हता; तरी तिनंच भटजींना मानेनं खूण केली.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, बँड सुरू झाला. निशिगंधानं नयनच्या गळ्यात हार घातला. आता त्याची पाळी. त्याचे हात छातीपर्यंत आले आणि तिथंच थांबले.

नवरीकडे पुन्हा कुजबुज सुरू झाली. निशिगंधाचे वडील खुर्चीवरून उठले.

अंतरपाट पातळ होता. निशिगंधाला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं टाचा उचलून नयनच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. फोटोवाला नवरीचा चेहरा टिपायला त्याच्या अगदी मागे येऊन उभा राहिला होता.

"ओ भाऊ, तिथून हटा. इकडून काढा फोटो."

मंडपात हशा पिकला.

"नवरीनं आत्तापासूनच हुकूम सुरू केला बापा!"

फोटोवाला कॅमेरा सावरत बाजूला झाला. निशिगंधानं पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग नयनपुढे मान वाकवली.

नयननं मागे न पाहता हात वर उचलले.