पहिला खेळाडू, कोनाडा क्रमांक ११४७

नवा कंट्रोलर जोडला गेला. तेओफिलो किमींना विचाराल, तर असं काही घडलंच नाही.

जे घडलं नाही ते असं. त्यांची मुलगी युलेइसी ग्वायाकिलच्या बाजारातून बिनतारी कंट्रोलर घेऊन आली. बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला आणि टीव्हीखालच्या डबीतल्या, जुने व्हिडिओ गेम चालवणाऱ्या एम्युलेटरनं त्याला ओळखलं. तिच्या भावानं, डार्विननं, थांबवून ठेवलेली फुटबॉलची मॅच पडद्यावर आली. मध्यंतर. तेओफिलो दोन, डार्विन एक. मुलावर बापाला आयुष्यात मिळालेली ही पहिलीच आघाडी. त्याच मध्यंतरात डार्विन छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेला, तो आलाच नाही.

खाली अक्षरं उमटली: ‘पहिल्या खेळाडूची वाट पाहत आहोत.’

“बघ, तेही थांबलेत,” तेओफिलो म्हणाले. “मग आपण कोण घाई करणारे?”

“बाबा, पहिला नंबर डार्विननं स्वतःच्या कंट्रोलरला राखून ठेवलाय. तुम्ही सारखा बळकावायचात म्हणून.”

तो कंट्रोलर तेओफिलोंनीच शवपेटीत ठेवला होता, डार्विनच्या दोन्ही हातांत. पाद्रीबाबा म्हणाले होते, इथं जपमाळ असते. तेओफिलो म्हणाले होते, ती त्याला चालवता येत नाही.

“चार्ज होता का गं?”

“पूर्ण. मीच केला होता.”

“किती लांबून चालतो?”

“दहा मीटर.”

शवपेटी ठेवलेला दफनभूमीच्या भिंतीतला कोनाडा सहा थांबे लांब. चाळीस वर्षं बस चालवलेल्या तेओफिलोंनी मनातल्या मनात बस नेऊन पाहिली. टीव्ही बसच्या दारातून आत जाईना.

“त्याच्या कंट्रोलरचं नाव यादीतून काढते,” युलेइसी हळूच म्हणाली. “एकच बटण आहे.”

पडद्यानं विचारलं: ‘हे उपकरण विसरायचं?’

तेओफिलोंनी हातातला कच्च्या केळ्याचा तळलेला गोळा ताटलीत ठेवला, बोटं पुसली आणि टीव्ही बंद केला.

“दुकानदाराला सांग, जोडलाच जात नाही म्हणून.”

“बाबा, जोडला गेलाय.”

“कुणी पाहिलं?”

मग तेओफिलो वही घेऊन बसले.

‘दफनभूमी प्रशासन यांस. सविनय विनंती अर्ज. कोनाडा क्र. ११४७, चौथी रांग, येथील रहिवाशाच्या हातातील स्टार्टचे बटण आपल्या कर्मचाऱ्याकरवी एकदा दाबले जावे. जमल्यास त्याच्याकडून एक गोलही करवून घ्यावा. आमचा गोलकीपर बाजूला उभा राहील. कळावे. आपला नम्र, दुसरा खेळाडू.’