शेजारची पिशवी

"शहाणे, जरा इकडे ये." आत्याने फ्रिजजवळून हाक मारली. एरवी मी तिचं बाळ. शहाणे म्हटलं की माझं काहीतरी चुकलेलं असतं.

आम्ही दोघी रक्तपेढीत, ती वीस वर्षं, मी दोन महिने. मुदत संपलेल्या पिशव्या यादीतून काढून टाकणारा प्रोग्राम मी लिहिला होता. गेले नऊ दिवस आत्या लेबलं न वाचता माझ्या यादीवर विसंबून होती.

तिच्या हातात एक पिशवी होती. "हिची मुदत काल संपली. तुझ्या यादीने काढली, बरोबर. पण हिच्या शेजारची, त्याच तारखेची, ती चांगली कशी ठरली?"

"शक्यच नाही. प्रोग्रामचा लूप यादीतून ओळीने फिरत एकेका पिशवीची तारीख बघतो."

"बघतो म्हणे! नोंदवही बघ."

बघितली. वीस मिनिटांपूर्वी ती पिशवी ऑपरेशन थिएटरला गेली होती.

आत्याने फोन लावला. "आत्ता नेलेली पिशवी चढवू नका. चढवली असेल तर बंद करा. धावा आधी, कारण नंतर सांगते!"

पलीकडे कोणीतरी धावलं. आत्या रिसीव्हर कानाला लावून उभी, मी स्क्रीनपुढे. जेमतेम सात ओळींचा कोड. यादीतली चौथी पिशवी काढली की पाचवी सरकून चौथ्या जागी येते, आणि लूप तर पाचव्या जागेकडे निघालेला. सरकून आलेलीला कोणी विचारतच नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटी उरते आणि गुपचूप गाळली जाते. म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. मी चाचणी घेतली तेव्हा संपलेल्या पिशव्या नेमक्या लांब लांब होत्या.

"आत्या, एक काढली की पुढची सरकते गं," मी कशीबशी म्हणाले.

"सरकणारच. आपली फ्रिजमधली फळीही पुढे उतरतीच आहे. म्हणून तर मी मागून काढत येते."

मागून. म्हणजे सरकलेल्या सगळ्या आधीच बघून झालेल्या.

"हं, बोला," आत्या फोनवर म्हणाली. मग तिने डोळे मिटले. "टांगली होती. नळी जोडायची राहिली होती."

मला रडू फुटलं.

"रडणं नंतर. नऊ दिवसांत अशा जोड्या किती?"

मला माहीत नव्हतं. तिने नोंदवही शेवटच्या पानावर उघडली आणि खुर्ची माझ्याशेजारी ओढली.