लेकीच्या डोक्यावर हात

दीर भरदुपारी मागच्या दाराने आत आला तेव्हा शिंपीण मशीनवर कुणाच्या तरी पडद्याला काठ घालत होती. पुढचं दार सताड उघडं असताना हा मागून का आला, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या खांद्यावर पिठाचं पोतं होतं आणि घरातला डबा कालच खरवडून झाला होता. तिने मशीन थांबवलं.

"वहिनी, काही विचारू नका. आधी हिच्या डोक्यावर हात ठेवा," तो म्हणाला.

कोपऱ्यात लेक तापाने पडून होती. शिंपिणीने तिच्या केसांवर हात ठेवला. जे ऐकेन ते कुणाला सांगणार नाही, अशी शपथ दिराने तिच्याकडून घेतली आणि मग तो खाली बसला.

"प्रार्थनाघराच्या कोठारातून आणलंय. पहारेकऱ्याने शिडीवर मला पाहिलं. पाय धरून ओढायला लागला. मी लाथ मारली. खाली फरशीवर पडला, वहिनी. हलत नाहीये."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरींनी तळ गाठला होता आणि गावाने सगळ्यांसाठी म्हणून प्रार्थनाघरात धान्य आणि पीठ जमवलं होतं. वाटपाचं माप दर आठवड्याला लहान होत चाललं होतं. नवरा गेल्यापासून या दिरानेच मायलेकींना सांभाळलं होतं. त्याने स्वतःचं लग्न केलं नाही, की कधी त्याची जाणीव करून दिली नाही. प्रार्थनेत पहिला सूर त्याचाच लागायचा. त्याचा आवाज चढला की म्हातारी माणसं डोळे पुसायची.

संध्याकाळी तिने त्याच पिठाच्या भाकरी थापल्या. लेकीने अर्धी खाल्ली. शिंपिणीने आधी नको म्हटलं, आणि मग उभ्याउभ्याच दोन खाल्ल्या.

पहारेकरी मेला होता. पोलिसांनी खुनाच्या संशयावरून चुनाभट्टीवरच्या कामगाराला उचललं. तो बाहेरगावचा होता. वाटपाच्या रांगेत पहारेकऱ्याशी त्याची हमरीतुमरी झालेली सगळ्यांनी पाहिली होती. गावाचा जीव भांड्यात पडला. परका माणूस सापडला की सगळ्यांचीच सोय होते.

थोड्याच दिवसांत त्या कामगाराची बायको कापड घेऊन शिंपिणीकडे आली.

"जाड सदरा शिवून द्या. कोठडीत फार थंडी आहे म्हणतात. माप घ्यायला माणूस नाही, हा जुना बघून शिवा."

जुन्या सदऱ्याच्या शिवणीत चुना बसला होता. शिंपिणीने तो मोजायला पसरला तेव्हा तिच्या बोटांना पांढरी भुकटी लागली.

"त्यांनी काही केलेलं नाही हो," ती बाई म्हणाली. "त्या दिवशी आम्ही दोघं भट्टीवरच होतो. पण बायकोची साक्ष कोण धरतंय?"

शिंपीण मान खाली घालून टेप धरून बसली. ती बाई गेल्यावर ती तडक प्रार्थनाघरात गुरुजींकडे गेली.

"गुरुजी, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर काय होतं?"

"शपथ कशाची, ते कळल्याशिवाय मी काय सांगू?"

"ते सांगितलं की ती मोडलीच ना."

गुरुजींना हसू येता येता राहिलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी समई पुसायचं हातातलं काम बाजूला ठेवलं. "देव लेकरांवर सूड घेत नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "असं मी मानतो." तेवढ्या शेवटच्या तीन शब्दांनी तिचा धीर खचला. आत दीर प्रार्थनेचा सराव करत होता. त्याच्या आवाजात कंप नव्हता. ती मागे न बघता घरी आली.

त्यानंतर ती लेकीला हात लावीना. वेणी घालताना फणी लेकीच्याच हातात द्यायची. शेवटी लेक म्हणाली, "आई, माझ्या डोक्याला काय काटे आलेत?"

"काही नाही गं."

"मी तेव्हा झोपले नव्हते. सगळं ऐकलंय मी."

शिंपिणीचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला.

"तू शपथ घेतलीस, मी नाही," लेक म्हणाली. "मी जाते चौकीवर. तुझी शपथ मोडणार नाही, आणि तो माणूस सुटेल. इतके दिवस धीर होत नव्हता. काकांनीच मला चालायला शिकवलंय."

सुटकेची वाट अशी समोर उघडली होती. पण शिंपिणीला पुढचं दिसलं. चुलत्याला धरून देणारी पोरगी म्हणून गाव हिला जन्मभर बोट दाखवेल, आणि हीसुद्धा स्वतःला माफ करणार नाही.

"तू घरातच थांब," ती म्हणाली. तिने लेकीच्या केसांवरून एकदा हात फिरवला, चपला घातल्या आणि स्वतः चौकीवर गेली. वाटेत ती सारखी देवाला म्हणत होती, घ्यायचं ते माझं घे.

पोलीस आले तेव्हा दीर घराचं छप्पर शाकारत होता. तो मुकाट खाली उतरला, हात झटकले. शिंपीण म्हणाली, "भाऊजी, मला दुसरं काही सुचलं नाही." तो तिच्याशी बोलला नाही. फक्त लेकीला म्हणाला, "त्या कोपऱ्याचं अजून राहिलंय. कुणाकडून तरी करून घे."

भट्टीवरचा कामगार सुटला आणि नवा सदरा अंगात घालून बायकोसह गाव सोडून गेला. गावाने शिंपिणीला वाळीत टाकलं असं नाही, पण शिवायला कपडे यायचे बंद झाले. प्रार्थनेत पहिला सूर कोण लावणार, यावर माणसं घुटमळायची आणि नजरा तिच्याकडे वळायच्या.

पुढच्या हिवाळ्यात लेकीला पुन्हा ताप आला. दर हिवाळ्यात यायचा तसाच, असं डॉक्टर म्हणाले. शिंपीण उशाशी बसून राहिली. देवाकडे काय मागावं हेच तिला कळेना. मागायचा आपला हक्क गेला, असं तिला वाटत होतं. ताप उतरला, तरी शपथ मोडल्याची धास्ती उतरली नाही. बरी झाल्यावर लेक शहरात कामाला गेली. आईला चल म्हणाली, पण आई गेली नाही. तुरुंग इथून जवळ होता.

दर महिन्याला ती दिराच्या भेटीला जाते. आतून शिपाई येऊन सांगतो, "नको म्हणतोय." परतीची बस संध्याकाळी असते, तोवर ती बाहेरच्या बाकावर बसून राहते.