टाळ्या नसलेला सामना

मित्रांनो, मी एका क्रीडा पत्रकाराची जुनी दुर्बीण. कारखान्यात माझी भिंगं बसवली, तेव्हा वाटलं होतं, आपल्याला जहाजं बघायला मिळतील, निदान पक्षी तरी. नशिबी आला फुटबॉल! पण त्याचाच मला लळा लागला. सगळ्यांच्या नजरा चेंडूमागे धावत, तेव्हा मालक मला उलट्या दिशेला वळवत. तिथे गोलजवळ एकटी उभी असलेली गोलरक्षक स्वतःशीच पुटपुटते, हे फक्त आम्हां दोघांना ठाऊक होतं. ती शाळेच्या संघात होती, तेव्हापासून आम्ही तिला पाहत आलो. मालकांच्या बातम्यांचं कौतुक झालं की मी उगाच फुगत असे.

मग महासाथ आली. काही महिन्यांनी सामने सुरू झाले, पण प्रेक्षकांना बंदी आणि पत्रकारांनाही. मालक घरी टीव्हीसमोर बसून लिहू लागले. दुधाची तहान ताकावर! एकदा तर त्यांनी मला टीव्हीवरच रोखलं. लेक हसून म्हणाली, "बाबा, कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसणार." त्यांनी मला कपाटावर ठेवलं, ते ठेवलंच. माझ्या भिंगांना बुरशी धरली.

अशातच त्या गोलरक्षकाचा शेवटचा सामना आला. निरोप द्यायला मैदानात कुणी नाही. मालकांची बातमी हाच तिचा निरोप समारंभ. त्यांनी जीव ओतून लिहिलं, की तिने अखेरचा चेंडू अडवला आणि मैदान टाळ्यांनी दणाणून गेलं. त्या टाळ्या टीव्हीवाल्यांनी वरून घातलेल्या होत्या. इतक्या वर्षांच्या सवयीत मालकांच्या ते ध्यानातच आलं नाही.

बातमी छापून आली त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. ती रागावली नव्हती.

"काका, टाळ्या कुठल्या? तिथे माझाच श्वास मला ऐकू येत होता. चेंडू अडवला आणि सवयीने वर बघितलं, तुम्ही बसता तिथे. खुर्ची रिकामी होती."

मालकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी माफी मागितली आणि म्हणाले, "आता तूच सांग. मी लिहून घेतो."

ती बराच वेळ बोलली. मालकांनी बातमी नव्याने लिहिली आणि छापायला देण्याआधी तिला फोनवर वाचून दाखवली. शेवटची ओळ वाचून झाली. तेवढ्यात दाराशी उभी असलेली लेक टाळ्या वाजवू लागली. मालकांनी फोन तिच्या हातांजवळ धरला.

मित्रांनो, माझी भिंगं पुसून मला कोरड्या जागी ठेवा, एवढं तर मी मागेनच. पण कुणी जिवाचं रान करून खेळलं, तर त्याच्यासाठी स्वतःच्या हातांनी टाळ्या वाजवा. मला हात नाहीत, नाहीतर त्या संध्याकाळी मीही वाजवल्या असत्या.