पाहुण्याचं पूर्ण नाव

सटवा म्हातारा भावकीशी भांडून सुनेला बीडला धाडत होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फोडाल.

सटवा बीडजवळच्या पालीचा मेंढपाळ, आणि वनमाला त्याची सून. बीडला हॉटेलातल्या वाढपाचं शिक्षण देणारा तीन महिन्यांचा वर्ग निघाला होता. शिकवायचं एका संस्थेनं, पास झालेल्यांना नोकरी द्यायची हायवेवरच्या हॉटेलानं, असा दोघांचा करार. "आता सून लोकांची उष्टी काढनार व्हय?" म्हणून भावकी दात काढायला लागली. सटवा उखडला. "तुमच्या पोटात कावून दुखतंय बे? मेंढरामागं पाय झिजवन्यापरीस लई बरं हाय."

वनमालाचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. दिवाळी झाली की सगळं घर मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, ते थेट पावसाळ्याच्या तोंडी मिरगाला परत. सहा वर्षांच्या संस्कृतीची शाळा तिथंच तुटायची. प्रमाणपत्र मिळालं की नोकरी, नोकरी मिळाली की बीडात खोली, खोली झाली की पोरीची शाळा. दुसरं काही मागणं नव्हतं बाईचं.

आणि शिकली कशी म्हणता! डावीकडून वाढणं, उजवीकडून पाणी ओतणं, सगळं बोटांवर बसलेलं. शिकवणाऱ्या सायली मॅडम म्हणायच्या, "वनमाला, तू पहिली येणार बघ."

परीक्षेच्या दिवशी सटवाही हौसेनं सोबत आला. घरून साडीत आलेली वनमाला नेहमीसारखी आत जाऊन कपडे बदलायला लागली. काळी पँट, पांढरा शर्ट. ह्या कपड्यांत तिला घरच्या कुणी पाहिलेलं नव्हतं. तेवढ्यात बाहेर घोटाळा झाला. परीक्षेत खोटे पाहुणे म्हणून बसायला सांगितलेली दोन माणसं आलीच नाहीत. संस्थेचा रविराज घामाघूम झाला. त्याला ओट्यावर बसलेला फेटेवाला म्हातारा दिसला.

"काका, बसता का खुर्चीवर? जेवन बी हाय."

"आमच्या पोरीच्या कामी येत असंल तर का न्हाई बसनार?" सटवा म्हणाला. पोरीच्या कामी! आता ह्या म्हाताऱ्याला काय म्हणावं, सांगा.

वनमाला ट्रे घेऊन आत आली, तर टेबलाशी सासरा. तिचा हात आपसूक पदर ओढायला डोक्याकडे गेला. डोक्यावर नुसते केस होते. सुनेला पँटीत पाहून सटवानं मान खाली घातली, ती ताटावरून वर उचललीच नाही.

परीक्षक पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण कॅमेरा चालू होता आणि हातात छापील यादी होती. यादीतला पहिला मुद्दा सक्तीचा: पाहुण्याच्या नजरेला नजर द्यायची, पूर्ण नाव घेऊन स्वागत करायचं. इथं चुकलं की पुढचं सगळं पाण्यात.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत वनमाला सासऱ्याशी समोरून एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर मधे लेकरू. नाव घेणं तर लांबच राहिलं. टेबलावरच्या कार्डावर रविराजनं घाईनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सटवाजी महानवर. तिनं वाचलं. ओठ हलले. आवाज काही निघेना.

"सुरुवात करा," परीक्षक म्हणाले.

काचेपलीकडे सायली मॅडम हातवारे करत होत्या. त्यांना आत यायची बंदी. सर, हे माझे सासरे आहेत, एवढं तरी वनमालानं सांगावं की नाही? पण तेही सासऱ्यासमोरच सांगावं लागणार होतं.

सून आपल्या नावापाशी अडलीय हे सटवाला उमगलं. खाली बघतच तो पुटपुटला, "म्हन बाळ. सटवाजी महानवर. म्हन की. माझी ना न्हाई."

"पाहुण्यांनी मदत करायची नाही," परीक्षक म्हणाले आणि यादीवर फुली मारली.

त्यानंतर वनमालानं पाणी ओतलं, एक थेंब सांडला नाही. जेवण वाढलं, चमच्याचा आवाज झाला नाही. त्याचा काय उपयोग होता? सायली मॅडम नंतर भांड भांड भांडल्या. परीक्षक म्हणाले, "मला कळतंय हो, पण व्हिडिओ वरच्या ऑफिसात गेलाय." पुन्हा परीक्षा पुढच्या तुकडीबरोबर, आणि पुढची तुकडी नव्हतीच, करार ह्याच तुकडीपुरता होता. रविराज कान धरून माफी मागत राहिला. त्याच्या माफीचं काय लोणचं घालायचं होतं?

सटवा घरी आला. ओसरीवर टेकला आणि बायकोला म्हणाला, "पोरगी न्हाई नापास झाली. म्या केली."

दिवाळी आठ दिवसांवर होती. कोपऱ्यात घोड्यावर लादायची बोचकी बांधून तयार होती.

संध्याकाळी तो जेवायला बसला. चुलीपुढून भाकरी घेऊन वनमाला आली, डोक्यावर घट्ट पदर. सटवा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बाळ, हितं कुनी साहेब न्हाई. एकदा घे माझं नाव. माझ्या जिवाला बरं वाटंल."

वनमालाला खरंच घ्यायचं होतं. तिनं श्वास ओढला, तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तशी तिनं दारात पाटी घेऊन बसलेल्या लेकीकडे मान वळवली.

"संस्कृती," ती म्हणाली, "आजोबाला इचार, भाकरी वाढू का."