अकरा वाजता आलेला माणूस

माझी बायको ब्रिटिश आर्मीत कॅप्टन आहे आणि मी तिचं सामान बांधणारा. हे तक्रार म्हणून सांगत नाही, पण तक्रार आहेच. अक्षयाची बदली झाली की आर्मी तिला नवं काम देते, आम्हाला नवं क्वार्टर देते आणि माझी नोकरी जाते. आधी ब्रॅकनेलची आयटीतली गेली, मग एका शाळेतली, मग गार्डन सेंटरमधली. प्रत्येक ठिकाणी निरोपाचा केक खाल्ला. आता मला केक बघवत नाही.

या खेपेला बदली यॉर्कशायरला. तेवढ्यात एका सरकारी खात्यात जागा निघाली. पूर्णपणे घरून काम, देशात कुठूनही, आणि सैन्यातल्या लोकांच्या नवऱ्या-बायकांना प्राधान्य. बदली झाली तर लॅपटॉप उचलायचा आणि निघायचं. या नोकरीसाठी माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

इंटरव्ह्यू व्हिडिओवर, अकराला. त्याच दिवशी दुपारी क्वार्टर रिकामं करून द्यायचं होतं. म्हणजे आर्मीच्या घरांचं बघणारा हाउसिंगचा माणूस येणार, कपाटांवरून बोट फिरवणार, ओव्हनमध्ये डोकं घालणार. अक्षया आधीच नव्या ठिकाणी हजर झाली होती, म्हणून तिने मदतीला लंडनच्या स्टॅनमोरहून आईला पाठवलं.

अरुणाबाई, माझ्या सासूबाई. आयुष्य इथल्या बँकेत काउंटरवर गेलं. स्टॅनमोरच्या गणपतीत कुणी "जावई काय करतात?" असं विचारलं की त्या "प्रसाद घेतलात का?" म्हणतात. माझ्याशी कायम अहो-जाहो. कौतुकाचा शब्द मात्र लग्नापासून आजवर ऐकला नव्हता.

सकाळी मी गुडघे टेकून ओव्हन घासत होतो. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उठा, नकुलराव. जावयाने ओव्हन घासायचा? बघवत नाही मला."

"आई, अकराला माझा इंटरव्ह्यू आहे. त्याच्या आत हे उरकायचंय."

"मग तर उठाच. आंघोळ करा, चांगले कपडे घाला. खालचं सगळं मी बघते."

मी वर गेलो. रिकाम्या बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. वरती कोट-टाय, खाली ओव्हन घासायची पँट. स्क्रीनवर तिघं जण, मधली बाई मुख्य. पडदे उतरवलेले, सामान गेलेलं, त्यामुळे घर नुसतं घुमत होतं.

अकराच्या ठोक्याला बेल वाजली. हाउसिंगवाला वेळेच्या कितीतरी आधीच टपकला होता.

"घर बघायला आलोय," त्याचा आवाज वरपर्यंत आला.

"या, या! तुमचीच वाट बघत होतो," सासूबाई म्हणाल्या.

इकडे स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलं, "ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?" याचं उत्तर मी पाठ केलं होतं. जनसेवा वगैरे. तोंड उघडलं, आणि खालून सासूबाईंचा काउंटरवरचा आवाज आला, जाड काचेपलीकडे पोहोचणारा. सगळं खणखणीत इंग्रजीत.

"ओव्हन खुशाल बघा, पण माझ्या जावयाबद्दल ऐकून घ्या. माझ्या मुलीपायी या मुलाने चांगल्या चांगल्या नोकऱ्या सोडल्या. एकदा बोलून दाखवलं नाही. ती आर्मीत ताठ मानेने उभी आहे ती याच्या जिवावर. लोक विचारतात, जावई काय करतो? मला सांगता येत नाही हो, सांगायला गेलं की गळा दाटून येतो. आता तुम्हीच त्याला ही नोकरी द्या. चहात साखर किती?"

"एक चमचा. पण मॅडम, मी फक्त..."

"चिवडा घ्या."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाईंना वाटत होतं, हाच इंटरव्ह्यू घ्यायला आलेला साहेब! घरून करायची नोकरी, म्हणजे सरकार आधी घर बघायला माणूस पाठवणारच. खरं सांगू? मला त्यात काही चूक सापडेना.

एकदा बोलून दाखवलं नाही, हे साफ खोटं होतं. मी बोलून बोलून अक्षयाला वैताग आणला होता. तरी मला रडू फुटलं. टाय घातलेल्या माणसाला रडू फुटणं फार वाईट दिसतं, समोर स्वतःचाच चौकोन दिसत असतो.

 स्क्रीनवरच्या तिघांनीही शब्दन् शब्द ऐकला होता.

"तुमचं उत्तर?" बाई हळूच म्हणाल्या.

"खालच्या बाईंनी दिलं तेच," मी म्हणालो. "माझ्याकडे एक पाठ केलेलं आहे, पण ते इतकं चांगलं नाही."

तेवढ्यात खालून मराठीत हाक आली, "नकुलराव, लवकर या! साहेब निघाले!"

साहेब चिवड्याचा डबा घेऊन गेले. घर पास झालं. मी खाली आलो तेव्हा सासूबाई कप विसळत होत्या. मी फडकं घेऊन ते पुसू लागलो. बोलायला गेलो असतो तर पुन्हा रडलो असतो.

यॉर्कशायरला गेल्यावर कळलं, नोकरी मिळाली. अक्षयाच्या आधी मी स्टॅनमोरला फोन लावला.

"मिळणारच होती," सासूबाई म्हणाल्या. "भला माणूस होता हो. आडवेतिडवे प्रश्न नाहीत काही. ओव्हन बघितला, सही केली."

"आई, तुम्ही त्याला माझ्याबद्दल काय सांगितलंत?"



"मी काय सांगणार? नुसता चहा दिला."